नाव, नाते, गोत्र

पितृपंधरवडा लागून पाच-सहा दिवस झाले होते. दुपारचे जेवण उरकून मी लवंडण्याच्या बेतात असताना गुरुजींचा व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला: ‘रविवारी सर्वपित्रीला साडेदहापर्यंत पोचतो. पितरांची यादी पाठवून ठेवावी. नाव, नाते, गोत्र.’ वाणसामानाखेरीज कसलीही यादी करण्याची सवय सुटलेल्या माणसाला एकदम आपल्या मेलेल्या माणसांची यादी करायला बसवले, तर त्याची झोप उडणारच. माझीही उडाली.

आमच्या जुन्या गुरुजींना अशी यादी कधी द्यावी लागली नाही. त्यांना आमची गेलेली माणसे तोंडपाठ होती. कोणाची नव्याने भर पडली की ते नुसती मान हलवत, आणि पुढच्या भाद्रपदात ते नाव आपल्या जागी बिनचूक आलेले असे. दोन वर्षांपूर्वी ते स्वतःच त्यांच्या मुलांच्या यादीत गेले. आता येतात ते गुरुजी तिशीतले आहेत, टॅबवर पोथी उघडतात आणि सांगितलेल्या वेळेला दारात उभे असतात. तक्रारीला जागा नाही, एवढीच काय ती तक्रार.

आमच्या रत्नागिरीकडच्या घरी या दिवसाला ‘पक्ष’ म्हणत. ‘अमक्यांकडे आज पक्ष आहे’ असे म्हटले की कोणाला राजकारण आठवत नसे, अळूची भाजी आठवे. वडिलांच्या तिथीला पक्ष करायचा हा नियम. पण नोकरीच्या काळात ती तिथी हमखास कामाच्या दिवशी यायची, तेव्हा मी अमावास्येची सवलत घेतली आणि निवृत्तीनंतरही ती सोडलेली नाही. यंदा तर २१ सप्टेंबरची सर्वपित्री रविवारीच आली होती. ज्यांची तिथी कोणाला ठाऊक नाही आणि ज्यांच्या मुलांना तिथीला सवड नाही, अशा दोन्ही प्रकारच्या पितरांना एकाच दिवशी जेवायला बोलावण्याचा समजूतदारपणा ज्यांनी दाखवला, त्यांचे मला कौतुक वाटते.

यादीची सुरुवात सोपी असते. वडील, आजोबा, पणजोबा. अनुक्रमे वसुरूप, रुद्ररूप आणि आदित्यरूप. मग आई, आजी, पणजी. मग आईच्या माहेरची मंडळी. तीन पिढ्यांच्या वरच्यांना पिंड नाही. पिंड देऊन झाले की हाताला चिकटलेला भात दर्भांना पुसतात, तेवढाच त्यांचा वाटा, आणि त्यांना लेपभागी असे नावही आहे. मी गेलो की आज आदित्यरूप असलेले आमचे पणजोबा लेपभागींत जातील. सरकारी खात्यातल्या बढत्या-बदल्यांसारखा हा सगळा कारभार आहे, फक्त यात वरची जागा रिकामी करायला खालच्याला मरावे लागते.

त्यानंतर काका, मामा, आत्या, मावशी, भाऊ, बहीण, सासरे, गुरू, मित्र. महालयाची, म्हणजे या पंधरवड्यातल्या श्राद्धाची, पंगत मोठी असते. मी एकेक नाव लिहीत गेलो आणि प्रत्येक नावापाशी थोडा थोडा थांबत गेलो, कारण माणसे आठवायला बसले की ती शहाण्यासारखी रांगेत येत नाहीत. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही असे म्हणतात, ते अर्धेच खरे आहे. माणूस जातो आणि खोडच तेवढी मागे उरते. वडील मला त्यांच्या तसबिरीसमोर कधीच आठवत नाहीत. कोणी वर्तमानपत्राची घडी उलटी घातली की आठवतात. आई आठवते ती बसचे सुटे पैसे मोजताना, कारण तीन वेळा मोजल्याशिवाय ती मूठ मिटत नसे. तिची तारीख आणि तिथी यंदा एकोणीस वर्षांनी एका दिवसाच्या अंतरावर आल्या होत्या. तिथी दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते, अधिकमास तिला पुन्हा पुढे आणून सोडतो, आणि असे करीत एकोणीस वर्षांनी दोघींची भेट होते. चंद्राचा आणि कॅलेंडरचा हा हिशेब आईला आवडला असता. तिने तो तीन वेळा करून पाहिला असता.

पितृभगिनी, म्हणजे आत्या, या ओळीपाशी मात्र मी अडलो. नात्याच्या रकान्यात ‘पितृभगिनी’ लिहिले आणि नावाच्या रकान्यात ‘आक्का’ लिहून पुढे काही सुचेना. आक्का हे काही नाव नव्हे. वडील तिला आक्का म्हणत म्हणून काका म्हणत, म्हणून आम्ही म्हणत असू, म्हणून गडीमाणसे म्हणत. पोस्टमनही आक्काच म्हणे, आणि तिच्या नावाचे पत्र कधी आलेले मला आठवत नाही.

आजोबांची तिथींची जाड पुठ्ठ्याची वही माझ्याकडे आहे. त्यांच्यानंतर वडिलांनी ती पुढे चालवली. वहीत वडिलांच्या अक्षरात मार्गशीर्षातल्या एका तिथीपुढे दोनच शब्द आहेत, ‘आक्का गेली’. ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सर्वपित्री आहे, हे मी कौतुकाने सांगितले खरे. इथे तिथी होती, वेळही होती (पहाटे), आणि नाव नव्हते.

काकांना फोन लावला. काका शहाऐंशी वर्षांचे आहेत आणि आमच्या घराण्याचे शिल्लक राहिलेले दप्तर तेच. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “अरे, आम्ही तिला आक्काच म्हणत होतो.” आक्का भावंडांत सर्वांत थोरली आणि काका शेंडेफळ. तिचे लग्न बालविवाहाला आळा घालणाऱ्या शारदा कायद्याच्या, म्हणजे १९२९ च्या, आधी अकराव्या वर्षी झाले, दोन वर्षांच्या आत नवरा तापाने गेला, आणि काकांच्या जन्मापूर्वी दहा-बारा वर्षे ती माहेरी परत येऊन विधवेच्या लाल आलवणात वावरत होती. बारशाचे नाव सासरच्यांनी बदलले असणार. ते बदललेले नाव दोन वर्षांपुरते तिला कोणी हाक मारायला वापरले असेल, तेवढेच. आता पिंडाला लागते तेच, आणि गोत्रही सासरचेच. उरलेले आयुष्य तिने ज्या घरात काढले, त्या घराचे गोत्र तिच्या नावापुढे लागत नाही.

आमच्याकडच्या पक्षाचा स्वयंपाक मात्र तीच करी. सोवळ्यातल्या बाईचा हात त्याला लागे. पहाटे विहिरीवरून ओलेत्याने येऊन ती जी चुलीपाशी बसे, ती पाने वाढायची वेळ होईपर्यंत उठत नसे. तांदळाची खीर, आमसुलाची चटणी, कारले, लाल भोपळा, अळू, कढी, वडे. गवार तिला आयुष्यभर आवडली नाही. “गुरांस घालायची ती पितरांस कसली वाढता,” असे ती दर वर्षी शेंगा मोडताना म्हणे आणि दर वर्षी निमूटपणे करी. पानाभोवती त्या दिवशी रांगोळी नसे, भस्माची रेघ असे, आणि त्या करड्या रेघेमुळे नेहमीचीच केळीची पाने परकी दिसत. ओटीवर आजोबांचे जानव्याचे सव्य-अपसव्य चालू असे, माक्याचा आणि तिळांचा वास सुटलेला असे, आणि आम्ही मुले माजघराच्या दाराशी भुकेने कळवळत बसलेलो असू. पितरांच्या आधी तोंडात काही घालायचे नाही. त्यातून भटजींना त्या दिवसांत चार घरे असत, त्यामुळे पितरांची वेळ दुपारी दोनला होई की तीनला, याचा नेम नसे.

मी तेव्हा आठ वर्षांचा असेन. भुकेने फिरत फिरत मागीलदारी गेलो, तर विहिरीच्या कठड्यावर फणसाच्या पानावर एक वडा ठेवलेला दिसला. कावळ्याचे पान ओटीवरचे सगळे झाल्यावर पुढच्या अंगणात ठेवीत असत. हे पान मागे होते आणि त्यावर एकच वडा होता, गरम. मी इकडेतिकडे पाहिले आणि तो खाल्ला. मान वर केली तेव्हा स्वयंपाकघराच्या मागच्या दारात आक्का उभी होती, हाताला पीठ लागलेले. आता वीज कोसळणार म्हणून मी डोळे मिटले. ती आत वळली आणि आईला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, “यंदा कावळ्याने वेळेआधीच खाल्लान हो!” त्यानंतर थोड्या वेळाने मी चोरून पाहिले, तर कठड्यावर नवे पान होते आणि त्यावर दुसरा वडा होता.

तो वडा कोणाचा, हा प्रश्न मला त्या वयात पडला नाही आणि ज्या वयात पडला तेव्हा आक्का नव्हती. कुंकू लावणारा नवरा तिला नीट आठवत तरी होता का, कोण जाणे. त्याचा पिंड त्याच्या घरचे देत असतील; आमच्या ओटीवरच्या संकल्पात त्याचे नाव यायचे कारण नव्हते.

मी गुरुजींना खरे ते लिहून पाठवले. त्यांचे उत्तर दोन मिनिटांत आले: ‘हरकत नाही. नाव-गोत्र ठाऊक नसल्यास यथानामगोत्र म्हणता येते. गोत्र काश्यप धरतात.’ पुढे नमस्काराचे चिन्ह. शास्त्राने सगळ्यांची सोय केलेली आहे. ज्यांचे कोणीच नाही त्यांच्यासाठीसुद्धा शेवटी एक धर्मपिंड असतो. मला ती सोय पुरेशी वाटायला हवी होती.

रविवारी सगळे यथासांग झाले. ब्राह्मण मिळाला नाही म्हणून दर्भाचा चट मांडला. चटावरचे श्राद्ध हा शब्दप्रयोग ज्या टिंगलीने आपण वापरतो ती टिंगल त्या दर्भाच्या गाठीसमोर बसल्यावर करवत नाही. पितृभगिनीपाशी गुरुजी यथानाम म्हणण्याच्या बेतात थांबले आणि माझ्याकडे पाहिले. “आक्का म्हणा,” मी म्हणालो. त्यांनी क्षणभर विचार केला आणि मग खणखणीत आवाजात ‘आक्कानाम्नीं काश्यपगोत्रां वसुरूपाम्’ असे म्हणून ते पुढे सरकले. आक्काला ती विभक्ती ऐकून हसू आले असते. ‘आक्का’च्या पुढे नाम्नी लावणारा हा पहिलाच माणूस.

पान गच्चीवर मीच नेऊन ठेवले. बायकोने नियमाप्रमाणे केलेली गवार मी जिन्यातच काढून घेतली होती. पंधरवड्याच्या शेवटी शहरातले कावळे तुडुंब जेवलेले असतात. आमच्या सोसायटीच्या पाच इमारतींच्या गच्च्यांवर पाने मांडलेली होती आणि दोन कावळे पाण्याच्या टाकीवर, आलेल्या निमंत्रणांपैकी कोणते घ्यावे अशा चेहऱ्याने बसले होते. मी अर्धा तास उभा राहिलो. कबुतरे आली, त्यांना हाकलले. मग ऊन लागायला लागले आणि खाली आलो.

रात्री नऊला काकांचा फोन आला. एवढ्या उशिरा ते फोन करीत नाहीत. त्यांना दुपारी झोपेतून उठताना आक्काचे सासरचे नाव आठवले होते. त्यांनी ते सांगितले, मी पुन्हा एकदा विचारले, त्यांनी पुन्हा सांगितले आणि मग ते घुटमळले. “का ते तिच्या सासूचे होते?” ते म्हणाले. “थांब हां, आठवून सांगतो.”

वहीत ‘आक्का गेली’च्या खाली थोडी जागा आहे. तिथे मी ते पेन्सिलीने लिहिले आहे.