तुम्ही विचारलंत म्हणून: चिकन खायचं की नाही?

जानेवारी उजाडला की कुठून तरी कोंबड्या मेल्याची बातमी येते आणि माझा फोन वाजायला लागतो. सोसायटीतल्या वहिनी, विहीणबाई, धाकट्या जावेचा मुलगा. प्रश्न एकच: "तुम्ही जनावरांच्या डॉक्टर ना, मग सांगा, चिकन खायचं की नाही?"

खा. नीट शिजवून खा. बर्ड फ्लूचा विषाणू ७० अंश सेल्सिअसला मरतो आणि आपला रस्सा त्याच्या कितीतरी वर खदखदतो. अंडं उकडून घट्ट करा, कच्चं पिऊ नका. कच्चं मांस कापलेली सुरी आणि पाट लगेच साबणाने धुवा, त्याच पाटावर कोशिंबिरीची काकडी चिरू नका. ताटापुरतं उत्तर एवढंच आहे. पण एवढं ऐकून तुम्ही फोन ठेवता, आणि मला जे सांगायचं असतं ते राहून जातं.

पशुसंवर्धन खात्यात माझी बत्तीस वर्षं गेली. फेब्रुवारी २००६ मध्ये मी नवापूरला होते. नंदुरबार जिल्ह्यातलं, गुजरातच्या सीमेला टेकलेलं हे गाव पोल्ट्रीवर जगत होतं. तिथे कोंबड्या मरत होत्या, आणि सुरुवातीला ती मरतूक राणीखेत या कोंबड्यांच्या नेहमीच्या रोगाचीच म्हणून धरली गेली, कारण लक्षणं तशीच दिसत होती. भोपाळच्या प्रयोगशाळेत नमुने गेले आणि १८ फेब्रुवारीला कळलं की हा बर्ड फ्लू आहे, एच५एन१. भारतात पहिल्यांदाच.

रोगाने भरलेली शेड कशी असते ते सांगते. एरवी पाच हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये शिरलं की कलकलाटाने कान भरून जातात. त्या दिवशी आत गेले तर तुसावरून चालणाऱ्या माझ्याच बुटांचा आवाज ऐकू येत होता. तुरे काळे-निळे पडलेले, डोकी सुजलेली. काल संध्याकाळपर्यंत दाणे टिपणारे पक्षी खाद्याच्या भांड्यापाशीच आडवे. आम्ही अंगभर पांढरे सूट, गॉगल, मास्क चढवून काम करत होतो, रोज प्रतिबंधक गोळी घेत होतो. सूटच्या आतून घामाच्या धारा लागायच्या. जेसीबीने खड्डे काढायचे, पक्षी टाकायचे, वर चुना, वर माती. तिथे काही लाख पक्षी नष्ट झाले.

शेडमधलं काम मी करू शकले. जड गेलं ते पाड्यांवर. रोग सापडलेल्या जागेभोवतीच्या ठरलेल्या वर्तुळात घराघरातली कोंबडी मारायची होती, मग ती आजारी असो वा नसो. एका झोपडीत डालग्याखाली खुडूक कोंबडी बसली होती, पोटाखाली अंडी. घरातली म्हातारी माझ्या आडवी आली. "बाई, ही तर दाणे टिपते. हिला काय झालंय?" मी म्हटलं, "मावशी, तिला काही झालेलं नाही, पण होईल, आणि तिच्यामुळे तुमच्या नातवाला होईल." तिचा विश्वास बसला नाही, आणि तिच्याजागी मी असते तर माझाही बसला नसता. सोबतच्या पोराला मागे पाठवलं आणि मीच त्या कोंबडीची मान मोडली. म्हातारी रिकामं डालगं हातात धरून बराच वेळ उभी होती.

खेड्यात राणीखेतीला मानमोडी म्हणतात, कारण आजारी कोंबडीची मान पिळवटून वाकडी होते. माझी आजी मात्र मानमोडी म्हणायची ती १९१८ च्या फ्लूच्या साथीला. तो ताप जूनमध्ये बोटीने मुंबईत उतरला आणि दसरा-दिवाळीपर्यंत घाटावरच्या खेड्यापाड्यांत पोचला. आजी तेव्हा दहा वर्षांची, तिची काकी आणि थोरला भाऊ त्यात गेले. त्या विषाणूचं मूळ पक्ष्यांतल्या फ्लूपर्यंत जातं असं आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. म्हणून "माणसांत येईल का हो?" असं कुणी विचारलं तर मी ते उडवून लावत नाही.

माणसांत तो आलेला आहेच. १९९७ मध्ये हाँगकाँगला १८ जणांना झाला, ६ दगावले. २००३ पासून जगभरात एच५एन१ची नोंद झालेली माणसं नऊशेच्या वर आहेत आणि त्यातली जवळजवळ निम्मी वाचली नाहीत. आपल्याकडे २०२१ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये हरियाणाचा लहान मुलगा गेला, २०२५ मध्ये आंध्रात दोन वर्षांची मुलगी. तिने कच्च्या कोंबडीचा तुकडा खाल्ल्याचं बातम्यांत होतं. तरीही तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे सहज पसरत नाही. पक्ष्यांच्या विषाणूला पेशीवर जी पकड लागते, ती आपल्या नाका-घशात फारशी नसते, खाली फुप्फुसात असते. त्यामुळे झाला तर जबर होतो, पण शिंकेसरशी पुढच्याला लागत नाही. ही पकड बदलायची संधी त्याला मिळू नये, यासाठी सगळी धडपड आहे. तो जितक्या नव्या प्राण्यांत शिरेल तितकी ती संधी वाढते.

आणि गेल्या काही वर्षांत तो शिरतोय. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत टेक्सासकडच्या दुभत्या गायींत सापडला, थेट कासेत आणि दुधात. गोठ्यात काम करणाऱ्यांचे डोळे लाल झाले. तिकडे असलेल्या भाच्याने घाबरून फोन केला, त्याला म्हटलं, पाश्चरायझेशन झालेलं दूध बिनघोर पी, कच्च्या दुधाच्या नादी लागू नकोस. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूने गेले, बहुधा कच्च्या मांसातून. जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला कावळे पटापट पडले. ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी एवढं कराच: तिला कच्ची कोंबडी घालू नका, आणि मेलेला पक्षी तोंडात धरून ती आली तर तो उघड्या हाताने ओढू नका.

आता मला जे सांगायचं असतं ते. धोका तुमच्या ताटात नाही, तो मेलेली कोंबडी पहिल्यांदा उचलणाऱ्या हातात आहे. शेडमधला मजूर, पिसं काढणारा पोरगा, परसात खुराडं झाडणारी बाई. त्यांना हातमोजे मिळतात का, ताप आला तर "मी पोल्ट्रीत काम करतो" हे डॉक्टरला सांगायचं असतं हे कुणी त्यांना सांगितलंय का, हे मला कुणीही विचारत नाही.

आणि भरपाईचं. सरकार पैसे देतं ते जिवंत असताना नष्ट केलेल्या पक्ष्यांचे. रोगाने आधीच मेले त्यांचे काही मिळत नाही. म्हणजे पहिल्याच दिवशी कळवणारा शेतकरी सगळ्यात कमी बुडतो. पण शेजाऱ्याची भरपाई महिनोन् महिने अडकलेली ज्याने पाहिली, तो कळवायला कचरतो. मग रात्रीतून उरलेले पक्षी बाजारात जातात, मेलेले ओढ्यात. ओढ्यावर कावळे येतात, कुत्री येतात, खालच्या वस्तीची बदकं येतात. त्याला गुन्हेगार म्हणणं सोपं आहे. त्याच्या डोक्यावर पिल्लांचं आणि खाद्याचं कर्ज असतं, आणि आपण चार फॉरवर्ड वाचून चिकन सोडलं की ज्याच्या शेडला रोग शिवलेलाही नाही त्याचाही भाव कोसळतो. तुमचं न खाणं विषाणूला अडवत नाही. वेळेत आणि पूर्ण मिळालेली भरपाई अडवते. हे मी वरिष्ठांपुढे बैठकांत बोलले आहे आणि आताही बोलते.

गेल्या थंडीत पहाटे साडेपाचला फोन आला. ओळखीतलाच, दोनशे गावठी कोंबड्या पाळणारा तरुण. "बाई, रात्रीत नऊ गेल्या. हात लावला नाही, बायकोलाही लावू दिला नाही. शेडला कडी घातली, कुत्रं बांधलंय. पुढे काय करू?" मी त्याला तालुक्याच्या दवाखान्याचा नंबर दिला आणि नमुने घ्यायला माणूस पोचेपर्यंत दर तासाला त्याला फोन करत राहिले.