लिहिताना तुम्हाला काहीच वाटत नाही का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लग्नाच्या पंगतीत विचारलंत, गंगापूर रोडला भाजी घेताना विचारलंत. परवा तर दाताच्या डॉक्टरांनी, माझ्या तोंडात दोन हत्यारं असताना विचारलं, "मॅडम, हे असलं लिहिताना तुम्हाला काहीच वाटत नाही का?" पाठोपाठ ठेवणीतलं वाक्य येतंच: शिरवाडकर-कानेटकरांच्या नाशकात राहून! त्या दोघांना दर गुरुवारी कोणी टीआरपी पाठवत नव्हतं, एवढंच म्हणते.

आधी एक खुलासा. मी टीव्ही मालिकांचे संवाद लिहिते. कथा एकाची असते, पटकथा दुसऱ्याची, आणि सगळ्यांच्या डोक्यावर चॅनेलची क्रिएटिव्ह टीम. सासूनं जिन्यावर तेल ओतायचं हे माझ्यापर्यंत येतं तेव्हा ठरलेलं असतं. ओतताना ती काय पुटपुटते, ते माझं. गुरुवारी बार्कचे, म्हणजे टीआरपी मोजणाऱ्या संस्थेचे आकडे येतात, आकडा पडला की कथेचा ट्रॅक फिरतो. हाताशी एपिसोडची बँक, म्हणजे आधीच शूट करून ठेवलेले एपिसोड, असेल तर जरा श्वास घेता येतो. बँक संपली असेल तर रात्री पटकथा मेलवर पडते, पहाटेपर्यंत सीन पाठवायचे, आणि सकाळच्या शिफ्टला घोडबंदरच्या सेटवर मंडळी मेकअप करून घेता घेता मोबाइलवर आपली वाक्यं पाठ करतात. अर्ध्या तासाच्या स्लॉटमधून जाहिराती वजा करा, उरलेली बावीस-एक मिनिटं रोज भरायची असतात. त्यात 'वाटायला' वेळ कुठून आणू?

हे उत्तर मी इतकी वर्षं देत आले. ते खरंच आहे, पण अपुरं आहे.

माझी एक आत्या पंचवटीत राहते. ऐन तिशीत ती सिन्नरचं सासर सोडून लेकीला घेऊन निघून आली आणि कुरडया-पापडांवर तिनं घर चालवलं. का सोडलं, ते तिनं कधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. पुढे काका तिला न्यायला आले. आत्यानं दारातच तांब्या-भांडं पुढे केलं आणि म्हणाली, "पाणी प्या आणि निघा. शेवटची एसटी निघून जाईल." आवाज चढवला नाही. आमच्या घरात हे वाक्य पुढे पाहुणा हलेनासा झाला की वापरलं जायचं.

मालिकेत नायिकेची मावशी नवऱ्याला सोडून आलेली होती, तिच्या तोंडी मी हे वाक्य घातलं. आत्याला आधी विचारलं होतं. ती हसली, "घाल की, माझं काय जातंय." एपिसोड लागला तेव्हा शेजारणींना बोलावून बघितला. नंतर महिनोन्महिने ती त्या बाईबद्दल 'माझी' म्हणून बोलायची. माझी आज दिसली नाही गं, माझीला असली साडी काय नेसवलीत.

मग आकडे पडले. मीटिंगमध्ये ठरलं की मावशी परत जाणार. नवऱ्याला आजार, तिला उपरती, उंबरठ्यावर मिलाप, त्यावर महाएपिसोड. मी फोनवर म्हटलं, ही बाई परत जाणार नाही. पलीकडची मुलगी माझ्या लेकीच्या वयाची, अगदी गोड आवाजात म्हणाली, "ताई, प्रेक्षकांना क्लोजर हवंय." बँक शून्य होती. रात्री पटकथा आली. त्यात मिलापाच्या सीनला एवढंच लिहिलं होतं: दोघं भावुक.

तिथे काय घालायचं हे मला चटकन सुचलं. नवरा कापऱ्या हातानं तांब्या पुढे करतो आणि म्हणतो, "पाणी पी. आता कुठलीच एसटी पकडायची नाही." ती पिते. खांदे हलतात. कट.

सीन अफाट चालला. आकडा वर गेला, क्रिएटिव्हच्या मुलीनं बदाम पाठवले, सेटवर लाइटवाले दादा रडले म्हणे.

आत्याचा फोन आला नाही. मीच गेले. ती गव्हाचा चीक घोटत होती, हात न थांबवता म्हणाली, "तिला परत पाठवलंस, ते तुमच्या धंद्याचं असेल. पाणी तरी माझं घ्यायचं नव्हतंस."

यावर मी बरंच बोलले. मी नाही लिहिलं असतं तर संध्याकाळपर्यंत दुसऱ्या कोणी लिहिलं असतं, तेही वाईट. पैसे टेलिकास्टनंतर तीन महिन्यांनी हातात येतात, मधेच सोडलं तर ते वसूल करायला मुंबईच्या चकरा. 2012 च्या कायदादुरुस्तीनं लेखकाला रॉयल्टीचा हक्क मिळाला, पण कुठलं पात्र कुठे जाईल हे ठरवायचा हक्क कोणत्या कायद्यात आहे? आत्या चीक घोटत राहिली. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं आणि एकही तिच्या प्रश्नाला धरून नव्हतं.

कॉलेजात असताना प. सा. नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर बसून मी म्हणायचे की मालिका लिहिणारे कारकून असतात. त्या मुलीला आज सांगावंसं वाटतं, बाई, कारकून असते तर बरं झालं असतं. कारकुनानं 'दोघं भावुक' एवढ्यावर भागवलं असतं. मी सीन चांगला लिहिला, तिथेच सगळी गोची आहे. ती मुलगी उलट विचारेल, मग वाईट का नाही लिहिलास? तसं मला येत नाही. यात थोडा माज आहे, असू दे. स्पर्धेतल्या नाटकावर तुझंही घर चाललं नसतं, हेही तिला सुनावते. ती गप्प बसत नाही.

तर, वाटतं का? वाटतं. लिहिताना वाटत नाही. लिहिताना फक्त सीन बसतोय का हे दिसतं, आणि तो बसला की छान वाटतं. त्या रात्रीही वाटलं होतं.

आत्या अजून मालिका बघते, माझी सोडून. परवा नवऱ्यानं विचारलं, पुन्हा असा ट्रॅक आला तर नाही म्हणशील? मी म्हटलं, बँक किती आहे त्यावर आहे.