नसते उद्योग

‘साइड प्रोजेक्ट’ हा शब्द मी कॉलेजात ऐकला. तोवर आमच्या घरी त्याला ‘नसते उद्योग’ म्हणत. वडील दिवसभर बँकेत, आणि संध्याकाळी चहा झाला की डोळ्याला भिंग लावून घड्याळं उघडायचे. सुटे स्क्रू आईच्या आमटीच्या वाटीत. ती वाटी शोधत आली की म्हणायची, “झाले का सुरू ह्यांचे नसते उद्योग?”

बेन गिबर्डबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ती वाटीच आठवली. हा अमेरिकेच्या वायव्य टोकाचा, सिॲटलकडचा माणूस. १९९७ मध्ये बेलिंगहॅम नावाच्या गावात तो दुसऱ्याच एका बँडमध्ये गिटार वाजवत होता, आणि फावल्या वेळात त्यानं एकट्यानं काही गाणी रेकॉर्ड करून त्याची कॅसेट काढली. लोकांना ती आवडली, मग ती वाजवायला माणसं जमवावी लागली, आणि त्यातून ‘डेथ कॅब फॉर क्युटी’ हा त्याचा मुख्य बँड उभा राहिला. म्हणजे ज्याला त्याचा धंदा म्हणायचं, तोही मुळात नसता उद्योगच.

दुसरा उद्योग त्याहून मजेशीर. लॉस एंजेलिसला जिमी टँबोरेलो नावाचा एक जण ‘डिंटेल’ या नावानं इलेक्ट्रॉनिक संगीत करायचा. २००१ च्या त्याच्या अल्बममधलं एक गाणं गिबर्डनं गायलं. ते दोघांनाही इतकं आवडलं की अख्खा अल्बमच करू असं ठरलं. अडचण एवढीच, की एक सिॲटलला, दुसरा लॉस एंजेलिसला, मध्ये साधारण १,८०० किलोमीटर, आणि दोघांनाही आपापली कामं. तेव्हा टँबोरेलोनं नुसतं वाद्यांचं संगीत टेपवर घ्यायचं, पाकिटात घालायचं आणि पोस्टात टाकायचं. गिबर्डनं ते ऐकून हवं तिथे कापायचं, जोडायचं, वर आपले शब्द आणि आवाज चढवायचा आणि परतीच्या टपालानं धाडायचं. बँडचं नावही मग त्यावरूनच पडलं: ‘द पोस्टल सर्व्हिस’.

मला या सगळ्यात ते मधले दिवस फार आवडतात. पाकीट पेटीत पडलंय, अजून पोचलेलं नाही. त्या दिवसांत गाणं कुणाचंच नसतं. “हे ड्रम जरा कमी कर” म्हणायला समोर कुणी नाही, आणि आपण पाठवलेलं परत येईल तेव्हा त्याचं काय झालेलं असेल याची कल्पना नाही. एका खोलीत बसून हे दोघे इतके एकमेकांच्या वाटेबाहेर राहिले असते का, शंकाच आहे. ‘सच ग्रेट हाइट्स’ हे त्यांचं गाणं हेडफोन लावून ऐका. सुरुवातीचे ते टिपटिप सूर डाव्या कानातून उजव्या कानात, उजव्यातून डाव्यात उड्या मारत राहतात. पाकीट गेलं, पाकीट आलं! (हा माझा अर्थ. त्यांच्या मनात असलं काही असेलच असं नाही.)

‘गिव्ह अप’ नावाचा हा अल्बम फेब्रुवारी २००३ मध्ये सिॲटलच्या ‘सब पॉप’ कंपनीनं काढला. जेनी लुईस या गायिकेचा आवाज त्यात आहे. एका गाण्यात जेन वुड नावाची दुसरी गायिका आणि गिबर्ड चक्क भांडतात. अल्बम हळूहळू पसरत गेला, आणि सब पॉपच्या खपात ‘निर्वाणा’ या बँडच्या ‘ब्लीच’खालोखाल दुसऱ्या नंबरवर जाऊन बसला.

एवढ्यात, म्हणजे २००३ च्याच ऑगस्टमध्ये, खऱ्या टपालखात्याला जाग आली. हे नाव आमचा ट्रेडमार्क आहे, वापर थांबवा, अशी रीतसर नोटीस. सरकारी खात्याची नोटीस म्हटल्यावर आपल्याकडे कुणाच्याही पोटात गोळा येईल. इथे मात्र गोष्ट भलतीकडेच गेली. तडजोड झाली ती अशी: नाव खुशाल फुकट वापरा, पण टपालसेवेचा प्रचार करा, आणि आमच्या बड्या अधिकाऱ्यांच्या वार्षिक परिषदेत येऊन गा. नोव्हेंबर २००४ मध्ये हे लोक वॉशिंग्टनला जाऊन खरोखर गायले. कोटटायवाले साहेब पहिल्या रांगेत, आणि समोर सिंथेसायझर! खात्यानं आपल्या वेबसाइटवर त्यांची सीडीसुद्धा विकली. पुढे हेच ‘सच ग्रेट हाइट्स’ एका कुरिअर कंपनीच्या, यूपीएसच्या जाहिरातीत वाजलं, तेव्हा त्या साहेबांना काय वाटलं असेल कोण जाणे.

दुसरा अल्बम आलाच नाही. मुख्य बँड मोठ्या कंपनीकडे गेला, कामं वाढली, हे कारण आहेच. पण मला वाटतं, लोक वाट बघायला लागले तिथेच घोडं अडलं. आमच्या वडिलांचंही तसंच झालं. गल्लीतले लोक घड्याळं आणून “कधी मिळेल?” विचारू लागले आणि महिनाभरात त्यांनी भिंग कपाटात ठेवून दिलं.

२०१३ मध्ये जुना अल्बम दोन नव्या गाण्यांसह पुन्हा निघाला, दौरा झाला, आणि आता संपलं असं त्यांनी सांगून टाकलं. मग २०२३ मध्ये वीस वर्षं झाली म्हणून पुन्हा दौरा. या वेळी आधी डेथ कॅबचा २००३ चाच ‘ट्रान्सअटलांटिसिझम’ पूर्ण, आणि मग ‘गिव्ह अप’ पूर्ण. गिबर्ड पहिल्या अर्ध्यात काळ्या कपड्यांत गायचा आणि मध्यंतरात पांढरे चढवून दुसऱ्या बँडचा होऊन यायचा.

हे मी आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, “म्हणजे दोन्हीकडे तोच? मग दमत नाही का रे तो?”