खजिनदारपद सुटलं, सही सुटेना: माझा अनुभव

प्रार्थनेला आणि वचनाला, म्हणजे बायबलवाचनाला, निवांत वेळ हवा, म्हणून लेंटच्या (ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या) पहिल्या आठवड्यात मी जबाबदाऱ्या कमी करायला घेतल्या. भिशी, सोसायटीची कमिटी, कॅरलच्या वर्गणीचा हिशेब हे सगळं पंधरवड्यात सुटलं. मंडळीचं, म्हणजे आमच्या चर्चचं, खजिनदारपद मात्र जूनपर्यंत चिकटून राहिलं आणि त्याची चीड अजून पुरती गेलेली नाही.

राजीनामा कमिटीने पहिल्याच सभेत मंजूर केला, पण बँकेतली सही माझीच होती. खातं दोघांच्या सहीने चालणारं. त्यामुळे पाळकसाहेबांचा पगार असो की विजेचं बिल, प्रत्येक चेक माझ्याच दारात.

सही बदलायला कमिटीचा ठराव बँकेत द्यावा लागतो. पहिल्या खेपेला तो परत आला, कारण त्यात फक्त 'राजीनामा मंजूर' एवढंच लिहिलं होतं. कोणाची सही रद्द, तिच्या जागी कोणाची आणि व्यवहार दोघांनी मिळून की कोणा एकाने, या तिन्ही गोष्टी ठरावात स्पष्ट हव्यात. सभेची तारीख, अध्यक्ष आणि सचिवांच्या सह्या, शिक्का हे तर हवंच. दुसऱ्या खेपेला नव्या खजिनदाराचं पॅनवरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळेना. तिसऱ्या खेपेला कळलं की सचिवांची केवायसी जुनी झाली आहे. हे पहिल्याच दिवशी सांगता आलं नसतं का? प्रत्येक खेपेत अर्धा दिवस आणि पुढच्या रविवारपर्यंतची वाट. चौथ्या खेपेला काम झालं, तरी एसएमएस माझ्याच फोनवर! मोबाइल नंबर बदलण्याचा अर्ज वेगळा द्यावा लागतो. सकाळी स्तोत्रसंहिता उघडावी आणि फोनवर खात्यातली शिल्लक यावी, असे तीन आठवडे गेले.

म्हणून लागणाऱ्या कागदांची यादी पहिल्याच दिवशी लेखी मागून घ्या. आणि पद सोडायचं तर 31 मार्चचा हिशेब मिटवून सोडा, मध्येच सोडलं तर ऑडिटच्या वेळी बोलावणं येतंच. न वापरलेल्या चेकचे नंबर, पावतीपुस्तकं, हातातली रोकड, सगळं एका कागदावर लिहून देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही घ्या. तुमचं नाव ट्रस्टच्या विश्वस्तांत असेल, तर धर्मादाय कार्यालयात महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम 22 खालचा बदल अर्ज 90 दिवसांत जायला हवा.

काय सोडायचं, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. प्रत्येक कामापुढे आठवड्याचे तास लिहा, फोनवरचे धरून. माझे खजिनदारपदाचे सहा निघाले. मग विचारा, हे दुसरं कोणी करू शकेल का? बायबलमध्ये निर्गम 18 मध्ये सासरा इथ्रो मोशेला हेच विचारायला लावतो. कृत्ये 6 मध्ये येशूचे प्रेषित अन्नवाटपाचं काम सात जणांकडे देतात आणि स्वतः प्रार्थना व वचनसेवा धरून राहतात. ते काम वाईट नव्हतं. योहान 15:2 मध्ये तर द्राक्षवेलीच्या फळ देणाऱ्या फाट्यालाही (फांदीलाही) छाटणी आहे. चांगलं काम सोडताना अपराधी वाटतं, तेव्हा मला या वचनाने धीर दिला. घरच्या आजारी माणसाची सेवा मात्र या यादीत घालू नका, घरच्यांची काळजी न घेणाऱ्याबद्दल 1 तीमथ्य 5:8 काय म्हणतं ते वाचा. मी ती ठेवली आणि शब्बाथ शाळेचा, म्हणजे चर्चमधल्या बायबल शिकवणीचा, वर्ग ठेवला.

'फक्त कापणीच्या सणापुरतं बघा ना' अशी गळ घातली जाईलच. तेव्हा 'प्रार्थना करून कळवते' असं म्हणून लोंबकळत ठेवू नका. नाही म्हणायचं ठरलेलं असेल तर त्याच दिवशी नाही सांगा, म्हणजे त्यांना दुसरं माणूस शोधायला वेळ मिळतो.

रिकामा झालेला वेळ त्याच आठवड्यात बांधून टाका, नाहीतर तो फोन खातो. मी साडेपाच ते सव्वासहा धरले, फोन स्वयंपाकघरात. मार्कचं शुभवर्तमान रोज एक अध्याय, म्हणजे 16 दिवस, आणि सतराव्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. सध्या तिसरी फेरी चालू आहे, दहावा अध्याय.