आमची वाटचाल : लंगडणारी कुत्री आणि आमचा थर्मल कॅमेरा

पुण्यात आम्ही कुत्र्यांचं फिजिओ सेंटर चालवतो, मी आणि बायको. सुरुवात कोथरूडला घराखालच्या एका खोलीत झाली, भांडवल म्हणजे रबरी मॅट, मोठे बॉल आणि आमचे हात. पुढे लेझर आलं, मग पाण्यातली ट्रेडमिल, तिच्या हप्त्यांतून जरा डोकं वर काढतोय तोवर मी थर्मल कॅमेऱ्याचं खूळ घेतलं आणि घरात अबोला सुरू झाला. तेवढ्या पैशात बरी सेकंडहँड गाडी आली असती हे खरंच आहे म्हणा.

पण कुत्रं बोलत नाही ना, आणि दुखणं लपवण्यात तर एक नंबर. हा कॅमेरा अंगातून बाहेर पडणारी उष्णता टिपतो, एक्स-रेसारखं रेडिएशन नाही, भूल नको, हातसुद्धा लावायचा नाही. डावी-उजवी बाजू शेजारी ठेवून बघायची, दोन्हीकडे साधारण सारखंच दिसायला हवं, एखाद्या अंशाचा फरक दिसला की आम्ही तिथे थांबतो. गरम म्हणजे बहुतेकदा सूज नाहीतर जास्तीचा ताण, थंड म्हणजे रक्तपुरवठा कमी किंवा पाय वापरातच नाही.

एक लॅब्रॉडॉर यायचा, मागच्या गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालेला, टाके मस्त भरलेले, गुडघाही शांत, तरी स्वारी चार पावलं टाकली की बसणार. स्क्रीनवर बघतो तर गुडघा ठीक आणि खांदे लालभडक! कुत्र्याचं एरवीही 60 टक्क्यांच्या आसपास वजन पुढच्या पायांवर असतं, मागे दुखलं की ते भार अजून पुढे ढकलतं. हात लावला तर खांद्याचे स्नायू दगड झालेले. मग त्याच्या व्हेटशी, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरशी, बोलून आधी खांदे मोकळे केले, ट्रेडमिल नंतर.

आता लोक फोनवर विचारतात, स्कॅन करून काय झालंय ते सांगाल का? नाही सांगणार. कॅमेऱ्याला फक्त वरची कातडी दिसते, निदान व्हेटनंच करायचं, आम्हाला कळतं ते एवढंच की हात कुठे ठेवून बघायचा. हस्कीसारख्या दाट केसांच्या कुत्र्यात तर फार कमी कळतं, आपली देशी कुत्री त्यामानाने सोपी. उन्हातून आलेलं, आंघोळ घातलेलं, एका कुशीवर झोपून उठलेलं कुत्रं लगेच स्कॅनला घेत नाही, पंधरा-वीस मिनिटं गार खोलीत उभं ठेवतो, पट्टा काढून. तेवढ्यात मालकीणबाई लाडानं पाठीवर हात ठेवतात आणि स्क्रीनवर पाच बोटांचा ठसा उमटतो, मग "काकू, हात काढा ना" आणि पुन्हा वाट बघा.

अजून एक, कॅमेरा ऑटोवर ठेवला, म्हणजे कुठल्या तापमानाला कुठला रंग हे त्यालाच ठरवू दिलं, की अर्ध्या अंशाचा फरकही आग लागल्यासारखा दिसतो. असे फोटो दाखवून पॅकेज विकणं सोपं आहे, धंद्यात चालतंही ते. आम्ही तापमानाची रेंज दर वेळी तीच ठेवतो, नाहीतर मागच्या महिन्याच्या फोटोशी तुलना कशी करणार? नुसत्या स्कॅनचे वेगळे पैसेही घेत नाही, ते तपासणीतच धरलंय, बायकोचा यावरून अजून वाद आहे. एप्रिल-मे मध्ये मात्र स्कॅन फक्त सकाळी, दुपारी खोली गार करायलाच एसी इतका चालवावा लागतो की बिल बघवत नाही.