‘सान’ गळायला सात वर्षं लागली

लग्नानंतर पहिल्यांदा सासरी मुक्कामाला गेले, तेव्हा संध्याकाळी सासूबाईंनी घडी घातलेला टॉवेल माझ्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, "शिरुपासान, आधी तुम्ही." माझं नाव शिल्पा. जपानीत ‘ल’ नाही आणि जोडाक्षर फोडल्याशिवाय त्यांच्या जिभेवर बसत नाही, म्हणून शिल्पाची शिरुपा झाली. ‘सान’ म्हणजे आपलं ताई, बाई, राव, सगळं एकात.

जपानी घरात टब एकदाच भरतात. साबण लावून अंग धुवायचं ते टबाबाहेर, छोट्या स्टुलावर बसून. टबात उतरायचं ते नुसतं शेकायला, आणि तेच गरम पाणी मग घरातले सगळे एकामागून एक वापरतात. पहिला मान पाहुण्याचा. मी रात्री साताऱ्याला फोन करून आईला हे सांगितलं. आईने लग्नानंतर कित्येक वर्षं सगळ्यांच्या शेवटी, बंबातल्या उरलेल्या कोमट पाण्याने अंघोळ केलेली. ती म्हणाली, "नशीब काढलंस बाई." मलाही तसंच वाटलं.

त्याच रात्री जेवताना मी घोळ घातला. नवऱ्याने चॉपस्टिकने भोपळ्याचा तेंपुरा माझ्याकडे केला आणि मी तो माझ्या चॉपस्टिकने अलगद धरला. ताटलीत ठेवू द्यायला हवा होता. टेबल गप्प झालं. नव्वदीच्या आजेसासूबाईंनी, ओबाआचाननी, हातातली वाटी खाली ठेवली. कुणी काही बोललं नाही, उलट सासूबाई लगेच म्हणाल्या, "चॉपस्टिक किती छान धरता तुम्ही!" कारण नवऱ्याने झोपताना सांगितलं: एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये वस्तू जाते ती फक्त स्मशानात, अस्थी उचलताना.

कागदांचं म्हणाल तर ते त्यामानाने सोपं होतं. 2013 साली मी पुण्याहून टोकियोला आले ती सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या नोकरीवर, आणि 2016 साली लग्न केलं. लग्न म्हणजे सरकारी कार्यालयाच्या खिडकीवर एक फॉर्म. दोन साक्षीदारांच्या सह्या, माझा जन्मदाखला, मी अविवाहित असल्याचा दाखला आणि दोन्हींची जपानी भाषांतरं. कारकुनाने कागद तपासले, "ओमेदेतो गोझाइमास" म्हणून अभिनंदन केलं, पुढचा नंबर पुकारला. मंगलाष्टकं नंतर साताऱ्यात झाली. जोडीदाराच्या व्हिसासाठी मात्र आठ पानांची प्रश्नावली असते. पहिली भेट कधी, कुठे, कुणी ओळख करून दिली, आपसात कुठल्या भाषेत बोलता, लग्नाला कोण कोण होतं, शिवाय दोघांचे एकत्र फोटो. आमच्याकडच्या कांदेपोह्यांतसुद्धा एवढी उलटतपासणी होत नाही.

खरा धक्का कोसेकीने दिला. कोसेकी म्हणजे कुटुंबाची सरकारी नोंद. जन्म, लग्न, मृत्यू, दत्तक, सगळं त्यात. जपानी माणसाने परदेशी माणसाशी लग्न केलं की त्याची आई-वडिलांपासून वेगळी कोसेकी निघते. आमची निघाली. नकल घेऊन मी माझं नाव शोधू लागले. सदस्यांत ते नव्हतंच. नवऱ्याच्या नावाखाली, ‘विवाह’ या नोंदीत, तारखेसोबत माझं नाव आणि राष्ट्रीयत्व. म्हणजे मी घरातली माणूस म्हणून लिहिलेली नव्हते, नवऱ्याच्या आयुष्यात घडलेली एक घटना म्हणून होते. राहत्या पत्त्याच्या दाखल्यावर, जुमिनह्योवर, निदान दोघं एकत्र आहोत. तेही 9 जुलै 2012 ला नियम बदलला म्हणून. त्याआधी परदेशी माणसांची नोंदवही वेगळीच असायची.

याच नियमाची दुसरी बाजू माझ्या नणंदेने दाखवली. दोन जपानी माणसांचं लग्न असेल तर कायद्याने दोघांचं आडनाव एकच लागतं, आणि जवळजवळ नेहमी बदलते ती बाईच. जोडीदार परदेशी असेल तर ही सक्ती नाही. नणंदेने बँक, लायसन्स, पासपोर्ट सगळीकडे नाव बदलत दोन महिने घालवले होते. ती म्हणाली, "तुला कोसेकीत जागा नाही म्हणून तुझं आडनाव वाचलं." मला हे अजूनही धड गोड लागत नाही, धड कडू नाही.

टोकियोत आम्ही निशी-कासाईला राहत होतो. एदोगावा वॉर्डातला हा भाग भारतीयांनी भरलेला. तिथे भेंडी मिळते, गणपतीला शेजारणीकडून मोदक येतात, आणि 2019 मध्ये आपले योगेंद्र पुराणिक याच वॉर्डाच्या सभेवर निवडून आले. त्यानंतर सासरचा प्रत्येक नातेवाईक मला विचारायचा, तुम्ही त्यांच्या ओळखीच्या का? तिथे राहून मला वाटायचं, जपानमध्ये आपण छान रुळलो. खरं तर मी निशी-कासाईत रुळले होते.

2020 मध्ये ऑफिसचं काम घरून सुरू झालं आणि आम्ही नागानो प्रांतातल्या मात्सुमोतोजवळ सासरी राहायला गेलो. टोकियोतल्या शिंजुकूहून रेल्वेने अडीच तास, चारी बाजूंनी डोंगर, हिवाळ्यात हाडं गोठवणारी थंडी. तिथे घर एकटं नसतं. आसपासच्या दहाएक घरांचा मिळून तोनारिगुमी असतो. सूचनांची वही एका घरातून दुसऱ्या घरात फिरते, वाचल्याची खूण म्हणून शिक्का मारायचा आणि पुढच्या दारात ठेवायची. कचऱ्याच्या ढिगावर कावळ्यांसाठी जाळी टाकायची पाळी असते. वसंतात एका रविवारी सगळ्यांनी मिळून गटारं उपसायची. जे घर येत नाही त्याच्याकडून पैसे घेतात, पण खरी किंमत पैशात मोजली जात नाही.

पहिल्या वर्षी मला फावड्याला हात लावू दिला नाही. "शिरुपासान, तुम्ही चहाचं बघा." शेजारच्या आजीबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला माझी ओळख करून द्यायच्या, "भारताहून आलेली ओयोमेसान." योमे म्हणजे सून, तिला मागून-पुढून आदर चिकटवला की ओयोमेसान. दुसऱ्या वर्षी मी गमबूट विकत आणले, सात वाजता सगळ्यांच्या आधी जाऊन उभी राहिले आणि विचारलंच नाही. साताऱ्याजवळच्या गावी आजोळी पाटाचं पाणी वळवताना चिखल काढलेला होता, हात विसरले नव्हते. दोन तासांनी त्याच आजीबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "झुकु आहे हिच्यात." झुकु हा नागानोकडचा खास शब्द. टोकियोच्या माणसालाही तो समजावून सांगावा लागतो. मला नाही लागला. आपण म्हणतो ना, ‘बाईला उरक आहे’, तोच तो उरक.

घरात मात्र अंघोळ अजून पहिलीच होती. रोज एकत्र राहून, एका ओट्यावर भांडी घासून. मग एका रात्री सासूबाई टीव्हीवरून नजर न काढता म्हणाल्या, "आज तू शेवटी जा, आणि जाताना बूच काढून टब घासून ठेव." मी टब घासत होते आणि एकटीच हसत होते. आईला फोन केला तर ती म्हणाली, "अगं मग नशीब गेलं की!"

ओबाआचान 2023 च्या फेब्रुवारीत गेल्या. शेवटची दोन वर्षं त्यांना जेवण भरवायला मी असायचे. त्यांना माझं नाव आठवायचं नाही, पण ओबोनच्या तयारीला त्या मला हाक मारायच्या. ऑगस्टमध्ये पितर घरी येतात. त्यांना लवकर आणायला काकडीचा घोडा आणि सावकाश परतवायला वांग्याची गाय, काड्यांचे पाय टोचून करायची. पहिल्या वर्षी त्यांनी माझ्या वांग्याचे पाय काढून पुन्हा लावले. आमच्याकडे कावळ्याला पान ठेवतात, तो येईपर्यंत सगळे ताटकळतात, हे मी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "इथले कावळे तर बोलावल्याशिवायच येतात."

दहनभूमीत तासाभराहून जास्त वेळ वाट बघायची असते. एका खोलीत चहा, बिस्किटं, हलक्या आवाजात गप्पा. मग बोलावणं आलं. साताऱ्यात आजोबा गेले तेव्हा सावडायला बाबा आणि काका गेले होते, आम्ही बायका घरी. अस्थींचा तांब्या मी पाहिला तो थेट माहुलीच्या संगमावर, तोही कापडात बांधलेला. इथे पांढऱ्या अस्थी समोर ट्रेवर होत्या, अजून ऊब येत होती, आणि घरातले सगळे, बायका-मुलं, जोडीजोडीने उभे होते. मी आपोआप मागे सरकले. सासूबाईंनी माझ्या दंडाला धरून पुढे ओढलं आणि चॉपस्टिकची एक जोड माझ्या हातात दिली, एक काडी बांबूची, एक लाकडाची, मुद्दाम विजोड. माझ्यासमोर नणंद. दोघींनी मिळून पायाचं एक हाड धरायचं आणि कलशात ठेवायचं. पायापासून सुरुवात करतात, म्हणजे कलशातही माणूस उभा राहतो. माझा हात थरथरत होता. नणंद पुटपुटली, "घट्ट धरू नकोस, तुटेल." ते हाड खरोखरच पापडासारखं हलकं होतं. सगळ्यात शेवटी मानेतलं, ज्याला ते कंठातला बुद्ध म्हणतात, ते सासऱ्यांनी ठेवलं.

बाहेर एक लांबचे काका भेटले. त्यांनी मला पाहून नेहमीचं सुरू केलं, किती सुंदर जपानी बोलता, वगैरे. सासूबाईंनी कमरेत वाकून माझी ओळख करून दिली, "उची नो योमे नो शिरुपा देस." आमची सून शिरुपा. सान नाही. बाहेरच्यासमोर आपल्या माणसाला आदरार्थी बोलायचं नसतं, हा जपानीचा पहिल्या इयत्तेतला नियम. मी तो परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. मी सुद्धा काकांना वाकून नमस्कार केला आणि चपला सरळ करायला गेले.

त्याच महिन्यात मात्सुमोतो स्टेशनबाहेर एका पोलिसाने मला थांबवून रहिवासी कार्ड मागितलं. माझ्या पुढे-मागे शंभर माणसं चालत होती, थांबवलं मलाच. घरी सांगितलं तर सासूबाई संतापल्या, पण काय बोलावं ते त्यांनाही सुचेना.

आता नोव्हेंबर आहे, नोझावानाचं लोणचं घालायचे दिवस. हातहातभर लांब पाल्याच्या जुड्या गार पाण्यात धुवायच्या, मिठाचे थर देत पिंपात रचायच्या, वर दगड. पहिल्या वर्षी मी धुतलेल्या जुड्या पाहून सासूबाई म्हणाल्या होत्या, "वा, किती स्वच्छ!" आणि मी आत गेल्यावर त्यांनी त्या पुन्हा धुतल्या होत्या, मी खिडकीतून पाहिलं. काल त्यांनी एक जुडी उचलली, देठाशी बोट फिरवलं, आणि ती माझ्यासमोर परत बादलीत टाकली. "माती आहे. पुन्हा धू."