स्क्रीन पिवळी करायला ३ टिकिटं

झोप आता बरी लागते, राग मात्र गेला नाही म्हणून लिहितेय.

नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीत आहे, टीम अमेरिकेची, म्हणून रात्री ११ पर्यंत घरून काम आणि मग २ वाजेपर्यंत डोळे टक्क उघडे. आधी कूलरच्या आवाजाला दोष दिला, एक दिवस बंद केला, मे महिना, घामाने भिजले, बस. मग संशय स्क्रीनच्या उजेडावर गेला. मोबाइलचं नाइट लाइट, म्हणजे रात्री स्क्रीन पिवळसर करणारी सोय, मिनिटात लागलं. लॅपटॉपवर ते बटण करडं, दाबलं तरी हलेना, वर लिहिलेलं की काही सेटिंग्ज तुमची संस्था सांभाळते.

कंपनीच्या आयटीवाल्यांकडे टिकिट टाकलं, म्हणजे ऑनलाइन तक्रार. पहिलं टिकिट दुसऱ्याच दिवशी 'सोडवलं' म्हणून बंद. फोन केला तर तिकडचा पोट्टा म्हणतो, मॅडम ब्राइटनेस कमी करून पाहा ना. दुसऱ्या टिकिटात मी सगळं लिहिलं, की ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा उजेड रात्री डोळ्यात गेला की मेंदूला दिवसच वाटतो आणि झोपेचं हार्मोन मेलाटोनिन उशिरा सुटतं. उत्तर काय, तर 'बिझनेस जस्टिफिकेशन' भरा. भरलं. मग मॅनेजरचं अप्रूव्हल हवं, मॅनेजर सुट्टीवर, तेवढ्यात टिकिट परत बंद. तिसरं टाकलं तर ते सिक्युरिटी टीमकडे गेलं. काय बाप्पा, स्क्रीन पिवळी करायची आहे, सर्व्हर नाही उडवायचा!

नवव्या दिवशी भाचा आला, माझ्या मॉनिटरच्या खालचं बटण चारदा दाबलं, 'वॉर्म' निवडलं. झालं. लॅपटॉपचं झाकण बंद करून मॉनिटरवरच काम करायचं, एवढंच.

आणि कबूल करते, त्या पोट्ट्याचं चुकलं नव्हतं. नुसत्या पिवळ्या रंगाने फारसा फरक पडला नाही, ब्राइटनेस खाली आणल्यावर पडला. खोलीतली ६५०० केल्विनची पांढरी ट्यूबही काढून २७०० चा पिवळा बल्ब लावला, आई म्हणाली काऊन वं, गोठ्यात बसल्यासारखं वाटते. सकाळी अंबाझरी तलावाला चक्करही सुरू केली, सकाळचा उजेड मिळाला तर रात्री झोप लवकर येते. ब्लू कट चष्म्यावर मी पैसे घातले, तुम्ही नका घालू, पारदर्शक काच निळा उजेड थोडासाच अडवते.

हो, मोबाइलवर 'सूर्यास्त ते सूर्योदय' ठेवू नका, डिसेंबरात इथे साडेपाच-पावणेसहालाच स्क्रीन पिवळी होते आणि ऑनलाइन साडीचा रंग कळत नाही, मी एक चुकीची मागवली. ८ ची वेळ हाताने टाका.

तिसरं टिकिट अजून उघडंच आहे.